भांडणाच्या घरी ठेवलेलं बियाणं

राघो गेल्याचा फोन आला तेव्हा मी करंजाड्याच्या घरात स्टुलावर चढून पंखा पुसत होतो आणि स्टूल बायकोनं घट्ट धरलं होतं. माझ्या कर्तबगारीवर तिचा तेवढाच विश्वास. फोनवर राघोची बायको, सोनीबाय. "भाऊ, तुमचा दोस्त गेला… छातीत दुकलं, बस." मी पुसायचं फडकं हातात धरून तसाच उभा राहिलो.

तळोज्याच्या कारखान्यात आम्ही वर्षानुवर्षं एका पाळीत. तो मशीनवर, मी स्टोअरमध्ये. सुट्टीला तो डोंगराखालच्या आपल्या ठाकूरवाडीत जायचा आणि मला नसत्या चौकश्यांची हौस, म्हणून मीही मागे लागायचो. पहिल्याच खेपेला त्याच्या घरात एक सुकवलेला भोपळा टांगलेला दिसला. आत राखेत घोळलेली नाचणी, तोंड मातीनं लिंपलेलं.

"तुझं बियाणं?"

"नाय रे, दामाचं."

"मग तुझं?"

"दामाकडं."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण अख्ख्या वाडीत तोच प्रकार! एका वर्षी पावसानं रोपं वाहून नेली आणि पुन्हा पेरायला कुणाकडेच दाणा नव्हता. राखलेलं बियाणं पोरांच्या भाकरीत कधीच गेलं होतं. तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं, आपलं बियाणं आपल्या घरी ठेवायचं नाही. दुसऱ्याचा भोपळा उपाशी माणूसही फोडत नाही.

पण दामाशी तर राघोचं बांधावरून वैर. दोघं एकमेकांच्या अंगणात पाय टाकत नसत; भोपळ्यांची देवघेवही बांधावरच. मी विचारलंच.

"म्हनून तर!" राघो म्हणाला. "दोस्त पावसात येतो, हसतो, 'जरा घेतलं रे' म्हनतो. दामा उपाशी ऱ्हाईल, पन माझा दाना घेऊन माझ्या शिव्या खानार नाय."

"मग माझ्याकडे कधीच ठेवणार नाहीस?"

"तुझ्याकडं? वैनी थालीपीठ लावंल."

राघोचे दिवस झाल्यावर मी वाडीत गेलो. सोनीबायला एकच घोर. पेरणी तोंडावर, पगार बंद आणि सगळं बियाणं दामाकडे. भांडणाराच गेल्यावर तो देईल कशाला?

दुपारी दामा आला. त्या अंगणात पहिल्यांदाच. त्यानं भोपळा तिच्यापुढे ठेवला. "बघ वैनी, माती तशीच हाय." तिनं आतून त्याचा आणून दिला. तो घेऊन दामा तिथंच बसला, जाईना. "अर्दं पेरीन. पन रोपं वाहून गेली तर म्हनून अर्दं राखायचं, ते आता कोनाकडं ठेवू? भांडायला कोन ऱ्हायलं?"

मग त्याची नजर माझ्यावर आली. "भाऊ, तुमी भांडता का?"

घरात आजवर एकही भांडण न जिंकलेला मी, 'हो' म्हणालो.

आता आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर दामाचा भोपळा टांगलाय. बायको त्याच्याकडे बघते, पण हात लावत नाही. दर रविवारी मी दामाला फोन करून बांधाचा तोच वाद उकरून काढतो, राघोच्या बाजूनं. सुरुवातीला तो नुसतं हं हं करायचा… परवा मात्र, "तू आनि तुझा राघो!" म्हणून त्यानं फोन कापला.