तेरड्याचा काठ

धाकू घाडी उकिडवा बसला की बघणाऱ्याला वाटावं, याचं काहीतरी हरवलंय. रोज सकाळी सव्वासहाला तो आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर असा बसलेला असायचा. हातात खुरपं, अंगात बाह्यांची बनियन, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. पुढे सरकायचा तोही बसूनच, आणि इतका हळू, की मी दुसऱ्या मजल्यावर चहा पिऊन, अख्खा पेपर वाचून परत खिडकीशी यावं, तर हा जेमतेम चार हात पुढे गेलेला. मला सावकाश माणसांचा राग येतो. पण धाकूकडे बघताना राग टिकत नसे. दवावर त्याच्यामागे एक गडद हिरवा पट्टा उमटत जायचा, आणि पेपरातल्या बातमीचा धागा सुटून मी त्या पट्ट्याकडेच बघत राहायची.

मुलुंड पूर्वेला आमच्या तीन मजली दोन इमारती, आणि त्यांच्या मधे ही हिरवळ. बारा वर्षांपूर्वी धाकू आणि त्याची बायको सुगंधा तळमजल्यावर राहायला आली तेव्हा तिथे चिखल आणि मोडक्या सायकली होत्या. सायकली याने उचलायला लावल्या, गवत लावलं, आणि मग रोजचा हा उद्योग सुरू झाला. पगार नाही, कुणी सांगितलं नाही. न राहवून एकदा मी खाली जाऊन विचारलं, की रोज रोज शोधता काय एवढं?

त्याने सांगितलं ते असं. परळच्या एका गिरणीत तो चौदा वर्षं कापड तपासायला होता. समोर तिरकं काचेचं टेबल, त्याच्याखाली दिवे, आणि त्यावरून दिवसभर पांढरं कापड सरकत जायचं. त्यातली गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग टिपायचा आणि खडूने खूण करायची. दुरुस्ती दुसरं कुणी करणार. याच्या वाट्याला फक्त खूण. संपात गिरणी बंद पडली. पुढे वॉचमनगिरी झाली, गोदामात हमाली झाली, दुधाचं केंद्र झालं. पण कापड काही थांबलं नाही.

“डोळे मिटलंय काय पांढरा कापड येतच रवता,” तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. खिडकीतून नदी दिसते असं कुणी सांगावं तसं सांगत होता.

हिरवळ हे त्याला मिळालेलं पहिलं थांबलेलं कापड. इथे लव्हाळा म्हणजे गाठ, गाजरगवत म्हणजे डाग. दिसला दोष की आपल्या हाताने काढता येतो.

फक्त पूर्वेच्या भिंतीलगत दीड हात रुंदीची एक पट्टी तो शिवायचा नाही. श्रावणात तिथे तेरडा गुडघाभर वाढायचा आणि भाद्रपदात गुलाबी फुलांनी पेटायचा. हे तण नाही का, असं मी विचारलं. रस्त्याच्या कडेला उगवतो तोच हा तेरडा. याला निराळा न्याय का?

“काठ हा तो, बाईनू. बिनकाठाचा लुगडा कोण नेसतला?”

वर आल्यावर खिडकीतून पाहिलं. खरंच कुणीतरी हिरवं लुगडं वाळत घातलं होतं, गुलाबी काठाचं. ते एकदा दिसल्यावर मग हिरवळ दिसेनाच.

काठाचं आणखी एक कारण होतं. ते मात्र त्याने मला तेव्हा सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सहा वर्षांपासून सुगंधाची आठवण विरत चालली होती. मुलगा राजेश वाकोल्याहून आला की त्याला ती भाऊ समजायची, धाकूला कधी कधी दूधवाला. महिने-वार तर केव्हाच गेले होते. पण गौरीच्या दिवशी, मुळाला माती लागलेला तेरडा दारातून आत आला की ती जागी व्हायची. कोकणात यांची गौर म्हणजे मुखवटा नव्हे, पाणवठ्यावरून उपटून आणलेला तेरडाच. तो दिसला की सुगंधा स्वतः लुगडं नेसायची, भाकरीचं पीठ मागायची, धाकूला नावाने हाक मारायची. दीड दिवस. मग पुन्हा धुकं. एका वर्षी सुनेने बाजारातून तेरड्याची जुडी आणली होती. सुगंधाने ती उलटसुलट करून बघितली, “ही खयची गौर? ही भाजी. निवडून ठेव,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ते वर्ष कोरडंच गेलं. तेव्हा धाकू कुडाळजवळच्या तिच्या माहेरी गेला आणि विहिरीच्या काठचं बी रुमालात बांधून घेऊन आला. भिंतीलगत टाकलं ते हे. वर्षातले बाकीचे दिवस तो त्या दीड दिवसाची वाट बघत काढायचा.

आता भांडण. भिंतीपलीकडे नवा टॉवर झाला आणि त्याच्या चेअरमनने, विद्याधर प्रधान यांनी, गाद्यांसारखं गुंडाळून आणलेलं लॉन अंथरलं. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात आणि बी दूर उडतं. भिंत कमरेएवढी, वर नुसती जाळी. बी पलीकडे जाणारच. प्रधानांची पत्रं यायला लागली. पहिल्यात ‘विनंती’, दुसऱ्यात ‘खेद’, तिसऱ्यात ‘कायदेशीर’. सोसायटीची सेक्रेटरी मी. भेटीत ते म्हणाले, “मॅडम, तुमचं तण आमच्या लॉनवर उड्या मारतं.” मी म्हटलं, मग तुमच्या वॉचमनला नाव लिहून घ्यायला सांगा. झालं. बोलणं तिथेच तुटलं.

दोन वर्षं हे चाललं. धाकूला काही म्हटलं की तो मान हलवायचा आणि काठ तसाच ठेवायचा. आमच्या मीटिंगमध्ये तासभर तेरड्यावर चर्चा, पाण्याच्या टाकीवर पाच मिनिटं. मला लांबण लागलेली गोष्ट सहन होत नाही. यंदा गणपतीच्या पाच दिवस आधी मी दुकानातून तणनाशकाची बाटली आणली. पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, माप मला कुणी शिकवायला नको. मास्क, हातमोजे, वारा नसलेली दुपार, सगळं नीट. धाकू सुगंधाला दवाखान्यात घेऊन गेला होता. अर्ध्या तासात काठ फवारून झाला. वर येऊन प्रधानांना मेसेज टाकला, ‘विषय संपला.’ आणि छान झोपले.

हे औषध लबाड असतं. तीन दिवस काहीच होत नाही. फुलं तशीच गुलाबी, पानं तशीच ताठ. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून धाकूने संध्याकाळी पाणीही घातलं. चौथ्या दिवशी शेंडे फिके झाले. सहाव्या दिवशी मी खिडकीशी आले तर काठ पिवळा पडला होता आणि धाकू त्याच्यासमोर उकिडवा बसला होता. खुरपं जमिनीवर, हात गुडघ्यांवर. ऊन वर आलं तरी तो सरकला नाही.

मी खाली गेले. आपण केलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मला आवडत नाही. म्हणाले, मी फवारलं. का फवारलं तेही सांगितलं, पत्रांसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच सुगंधाचं, गौरीचं, दीड दिवसाचं सांगितलं. आवाज चढला नाही. मेलेलं एक रोप उपटून त्याने मुळाची माती झटकली आणि ते परत तिथेच ठेवलं, झोपलेल्या पोराला ठेवावं तसं. गौर परवावर आली होती.

मी बाजारातून आणते म्हणाले, आणि म्हणताना माझं मलाच कळलं की मी काय बोलतेय.

“जिता व्हया,” तो म्हणाला. “मुळासकट.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने हिंडले. रेल्वेच्या कडेने, नाल्याच्या काठाने, मिठागराच्या रस्त्याने. सगळीकडे कुणीतरी आधीच साफसफाई करून गेलेलं. सणाच्या तोंडावर शहर किती चकचकीत करतात. चवथ्या फेरीनंतर घरी परतताना टॉवरच्या फाटकातून सहज आत नजर गेली. त्या गादीसारख्या लॉनच्या कोपऱ्यात, दिव्याच्या खांबाला टेकून, पाच-सहा तेरडे उभे होते. फुलांवर आलेले. आमचेच, उडी मारून गेलेले.

धाकूला सांगितलं.

“दर वर्सा सून हाडता. ह्या वर्सा तुमी हाडा,” तो म्हणाला. “मारलास तुमी, आता जित्ती हाडूक तुमीच व्हयी.”

मी म्हटलं, गौर आणायची तर मला तुमचे रीतिरिवाज येत नाहीत.

“सवाशीण नायतर कुमारीण व्हयी. तुमी कुमारीणच मां?”

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला हा प्रश्न विचारणारा हा पहिला माणूस. मी लग्न केलं नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आणि त्याचा कुणाला उपयोग होईल असंही कधी वाटलं नव्हतं. हो म्हणाले. मग त्याने रीत सांगितली. मुळासकट उपटायची, तिथल्याच पाण्याने धुवायची, आणि उंबऱ्यावर पोचेपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. तेवढं जमेल ना, असं त्याने विचारलं नाही. पण राजेशची बायको मानसी तोंडाला पदर लावून आत गेली ते मी पाहिलं.

गौरीच्या दिवशी सकाळी अकराला मी प्रधानांची बेल वाजवली. मी म्हटलं, तुमच्या लॉनवर आमचं तण आहे, ते मला हवंय.

“दोन वर्षं मी बोंबलतोय, आणि आता तुम्हाला हवंय?”

“हो. आज. आत्ता.”

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “घ्या की. एकही ठेवू नका म्हणजे झालं.” मी काठापदराचं लुगडं नेसून आले होते, ते बहुधा त्यांना आत्ता दिसलं असावं. ते चपला घालून माझ्याबरोबर खाली आले.

माती भुसभुशीत होती. रोपं सहज निघाली. लॉनच्या नळावर मुळं धुतली, रोपं ताम्हणात ठेवली, आणि तोंड मिटलं.

टॉवरच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत दोनशे पावलं असतील. रोज मी ती तीन मिनिटांत टाकते आणि तेवढ्यात चार जणांना चार गोष्टी सुनावते. वॉचमनने विचारलं, मॅडम, किधर? मी चालत राहिले. पहिल्या मजल्यावरच्या अक्षताने स्कूटर थांबवून, टाकीचा प्लंबर कधी येतोय म्हणून विचारलं. मी तिच्याकडे बघितलं आणि चालत राहिले. ती घाबरली असावी. मागून प्रधानांच्या चपलांचा आवाज येत होता, ते का येत होते कोण जाणे, आणि मला वळून बघता येत नव्हतं. हळूहळू आवाज सगळेच लांब गेले. ताम्हणातलं पाणी हिंदकळायचं आणि त्यात आकाशाचा तुकडा सरकायचा. रस्ता पायांखालून जात होता की मी रस्त्यावरून, ते कळेना. वाटलं, हे संपूच नये. असं मला क्वचित वाटतं. माझं सगळं लक्ष नेहमी पुढच्या कामावर.

उंबऱ्याशी रांगोळी होती. धाकूने सुगंधाला दाराशी आणून उभं केलं होतं, दंडाला धरून. तिच्या हातात त्याने तांब्या दिला तर तिने तो नुसता धरून ठेवला. डोळे माझ्यावरून भिंतीवर, भिंतीवरून बाहेर. मी ताम्हण पुढे केलं. मुळांना अजून थोडी माती होती. तिने एक मूळ बोटांनी चाचपलं, बोटं नाकाशी नेली. मग वाकली आणि माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, सवयीच्या हाताने, एक थेंब बाहेर न जाऊ देता.

वर बघून म्हणाली, “कमळ, केदो उशीर केलंस गो. दीस माथ्यार इलो.”

कमळ कोण, मला ठाऊक नव्हतं. तिची मोठी बहीण, गौर आणायची ती, आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली, हे धाकूने संध्याकाळी सांगितलं. मी आयुष्यात सहसा खोटं बोलले नाही, त्यामुळे माझी बरीच माणसं दुखावलीही गेली आहेत. पण एवढा वेळ मिटलेलं तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य बाहेर आलं ते असं, “विहिरीवर गर्दी होती.”

“आसतलीच,” ती म्हणाली आणि ताम्हण माझ्या हातातून घेऊन आत गेली. दारात प्रधान उभे होते, त्यांनाही तिने पाटावर बसवलं. ते कुणाच्या तरी माहेरचे पाहुणे ठरले आणि गुमान बसले.

धाकू भाकऱ्या करायला गेला. ती मला धरून बसली. आवशीचो पाय बरो आसा? बरा आहे, म्हटलं, चालते आई आता. म्हस व्याली? व्याली, रेडी झाली. भात कसो आसा यंदा? चांगला आहे, वाऱ्याने थोडा आडवा झाला एवढंच. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी मला सगळं दिसत होतं, शेत, गोठा, पायऱ्यांची विहीर. मधेच तिने मान वळवून हाक मारली, “अहो धाकूनू, कमळेक पाणी दिलास काय?”

धाकू स्वयंपाकघराच्या दारात कालथा हातात धरून उभा होता. त्याच्यामागे भाकरी करपत होती. मला वास येत होता. मी त्याला सांगितलं नाही.