बांधावरचा दगड

मोजणीवाल्यांनी आमच्या बांधावर दगड पुरला तेव्हा मी दुसरीत होते. गुडघ्याएवढा दगड, चुना फासलेला, त्यावर काळ्या रंगात आकडा. आमच्यासारख्या गावांमधून दोन डब्यांची छोटी गाडी निघेल आणि माणसांना ठाण्याच्या मोठ्या गाडीपर्यंत नेऊन सोडेल, असं त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. चहा पिऊन ते गेले ते गेलेच. बाबांच्या डोक्यातून मात्र ती गाडी गेली नाही.

बाबा ठाण्याला सरकारी कचेरीत शिपाई होते. आमचं गाव खाडीपलीकडे, दापोड्याच्याही आत. रोज फाट्यापर्यंत पायपीट, मग कोंबून भरलेली रिक्षा, मग कशेळीच्या पुलावरून रांगणारी एसटी. त्याच वर्षी कचेरीने त्यांना ठाण्यात क्वार्टर देऊ केलं. दोनच खोल्या, पण समोर कॉलेज. ताई नुकतीच दहावी झाली होती. तिला सायन्सला जायचं होतं, पुढे नर्स व्हायचं होतं. तिने कुणाला न विचारता पुस्तकं गोणपाटात बांधून दाराशी ठेवली.

बाबांनी क्वार्टर नको म्हणून लिहून दिलं. "दारात गाडी येतेय आणि आपण गाव सोडायचं?" झालं, विषय संपला. आमच्या घरात बाबांचा शब्द म्हणजे शेवटचा. आज मला त्याचा राग येतो, तेव्हा मी टाळ्या पिटल्या होत्या.

शेजारच्या पाड्यावरची एक म्हातारी बांधावर गवत कापायला यायची. रानात नवा दगड उभा दिसला म्हणून तिने त्याला शेंदूर फासला, फूल वाहिलं. बाबांना ते खपेना. एक तर आमच्या घरात बुद्धवंदना, शेंदराचा संबंध नाही. आणि आकडाच झाकला गेला तर रूळ टाकणारे वाचणार काय? ते दर रविवारी ओल्या फडक्याने दगड पुसायचे, म्हातारी सोमवारी पुन्हा फासायची.

"आये, देव न्हाय तो. गाडीचा दगड हाय."

"कवा येल गाडी?"

"येल. सरकारचं काम हाय."

"मंग देवच झाला की," म्हातारी विळा चालवत म्हणायची. "त्याची पन आमी वाटच बगतो."

ताई दोन वर्षं पहाटे उठून ठाण्याला जात राहिली. पहिला तास बहुतेक वेळा बुडायचाच. बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी कशेळीच्या पुलावर ट्रक आडवा झाला. ती बसमधून उतरली आणि उन्हात पळत सुटली. पोचली तेव्हा बाकीच्या मुली हात धुऊन बाहेर पडत होत्या. ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बस, असं बाबा म्हणाले, तोवर गाडी सुरू होईल असंही म्हणाले. ताई शेजारच्या कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली, आणि दोन वर्षांनी लग्न होऊन कोन गावी गेली.

मी दहावी झाले तेव्हा क्वार्टर पुन्हा मिळत होतं. या वेळी बाबांनी त्याच दिवशी सही केली. मी कॉलेजची घंटा ऐकून घरातून निघायचे आणि तरी वेळेवर पोचायचे. आज मी शिक्षिका आहे. ताईच्या वाटचं मी जगले, हे मी तिला कधी बोलून दाखवू शकले नाही.

निवृत्त होऊन बाबा गावी परतले. एका रविवारी आम्ही दोघी माहेरी आलो होतो. ते सवयीने फडकं भिजवून बांधावर गेले, आम्ही मागोमाग. म्हातारी केव्हाच वारली होती, पण तिच्या सुनेने दगड लालभडक ठेवला होता. बाबांनी फडकं पिळलं.

"राहू द्या, बाबा," ताई म्हणाली. "निदान त्यांच्या तरी कामी येतोय."

बाबा तिथेच बांधावर बसले. मग मान वर न करता म्हणाले, "तेव्हा तुला एकदा विचारायला हवं होतं."

"मी पुस्तकं बांधली होती, बाबा," ताई म्हणाली.