रामेश्वरचं तिकीट

आत्या गेली तेव्हा मी रडलो नाही. आमच्या घरात याचं श्रेय माझ्या धीराला देतात. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. दात काढताना भुलीचं इंजेक्शन दिलं की आपण गालाला बोट लावून बघतो ना, तसा मी मधूनमधून स्वतःला चाचपून बघत होतो. गाल होता. बाकी काही लागत नव्हतं.

आत्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. सोलापुरातल्या एका शाळेत ती मुलांना सल्ला द्यायची, आणि तो तिच्या नोकरीचाच भाग होता. असं पद असतं हे तेव्हा कुणाला पटत नसे. बाईंना शिकवायला विषय उरला नाही म्हणून खोली दिली, असा बऱ्याच मास्तरांचा समज होता. पुढे काय करावं हे कळेना असा मुलगा तिच्याकडे आला की ती त्याला ठोकळे जुळवायला लावायची, प्रश्नांचा कागद भरून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "बरं, तुला काय वाटतं?" मुलगा म्हणेल ते ती प्रमाण मानायची. बाप भांडायला आला तर म्हणायची, "त्यानं सांगितलंय. झालं की मग."

मीही त्याच शाळेत होतो. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तू म्हणशील तसं." तिनं कागदावर शेरा मारला : स्वतःचे मत अद्याप आढळले नाही. पुढे मी सरकारी कचेरीत कारकून झालो आणि तिथं त्याची कधी अडचण झाली नाही.

सुट्टी लागली की ती होल्डॉल बांधून एकटी निघायची. पुरी, अजमेर, दार्जिलिंग. परत आल्यावर शेजारणी प्रसाद मागायच्या आणि ही त्यांना कुठल्या फलाटावर चहा चांगला मिळतो ते सांगायची. निवृत्त झाल्यावर तर बारा महिने सुट्टीच. मग छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच रामेश्वरचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं.

"आक्का, वाटेत काही झालं तर? कुठं शोधायचं तुला?" अण्णा.

"स्टेशनमास्तरकडं चौकशी कर."

"चेष्टा करू नकोस."

"मी कुठं करतेय? चांगली माणसं असतात ती."

तीन दिवस हे असंच चाललं. चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे वळली. "तिकीट रद्द करायचं का? तुला काय वाटतं?"

अण्णांनी पेपर खाली केला. मी म्हणालो, "रद्द करावं."

मला वाटलं होतं, ती हसेल, वाद घालेल आणि शेवटी जाईलच. माझं कधी कुणी ऐकलं होतं? पण ती "बरं" म्हणाली आणि तिकीट काढून माझ्या हातात दिलं. स्टेशनवर रांगेत उभा राहिल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विचारून घेतलेलं उत्तर तिनं आजवर कुणाचंच मोडलं नव्हतं. माझंही ती मोडणार नव्हती. तेवढ्यात खिडकी आली. मी तिकीट आत सरकवलं. मागे खूप माणसं होती, हे माझं स्पष्टीकरण.

गाडीच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, तिनं प्रवासाचा डबा उघडला. आमच्याकडे लांबच्या वाटेला कडक भाकरी नेतात. पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. तिनं पंधरा दिवस पुरतील एवढ्या करून ठेवल्या होत्या. आम्ही दोघं ओसरीवर बसून दही आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ल्या.

"घे की अजून," ती म्हणाली. "कुणीतरी संपवायला हव्यात."

मी चार खाल्ल्या. खाण्यात मी कधी मागे राहिलो नाही.

दीड महिन्यानं, दुपारच्या चहाच्या वेळेला, ती खुर्चीत बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हे कुठंही झालं असतं. अण्णांनी ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मी दिवसभर तिचे प्रवासातले किस्से सांगत होतो. भेटायला आलेली माणसं तोंडाला पदर नाहीतर रुमाल लावून हसायची आणि मग, आपण कुठं आलोय ते आठवून, गप्प व्हायची. मी लगेच पुढचा किस्सा काढायचो. तिकिटाचा सोडून सगळे सांगितले.

बाराव्या दिवशी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ बोटांनी सतरंजीची कड सरळ करत होते.

"आक्का तिकिटाबद्दल तुझ्याजवळ काही बोलली होती का रे? नंतर?"

"नाही, अण्णा."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

खरंच बोलली नव्हती. अण्णांनी मान हलवली. तेवढ्यात बाहेर कुणी आलं, म्हणून ते उठले, आणि मीही किस्से सांगायला त्यांच्यामागे गेलो.