पिवळी तार उन्हाची

सॉसेजवर केचप ओतणाऱ्या माणसाशी डेल्बर्ट क्रोनिंग बोलत नसे, आणि एक नोव्हेंबरच्या आत घर तापवणारी भट्टी पेटवत नसे. विस्कॉन्सिनमधल्या थंडगार शेबॉयगन गावात एवढ्या दोन गुणांवर माणूस इज्जतीने जगू शकतो. रविवारी प्रार्थना संपली की चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिथले पुरुष एकमेकांना हळूच विचारत, "काय, पेटवली का भट्टी?" ज्याने पेटवली असेल तो बिचारा नातवावर ढकलायचा, "लहान पोर आलंय ना घरी!" डेल्बर्टला असलं निमित्त नको होतं. गावालगतच्या तळ्यावरचा वारा खिडक्या वाजवायला लागला की तो दोन स्वेटर चढवून बसे आणि घराचं तापमान ठरवणाऱ्या, भिंतीवरच्या गोल थर्मोस्टॅटवर डोळा ठेवी. त्या चकतीला हात लावायचा हक्क घरात फक्त त्याला होता.

त्याची बायको लव्हॉन याबद्दल चकार शब्द काढत नसे. त्या गावात तक्रार करणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर पाय ठेवण्यासारखं. छपरावर झाड पडलं तरी लोक म्हणतात, "वाईट नाही, अर्धं छप्पर आहे की अजून!" डेल्बर्ट रोज सकाळी विचारायचा, "थंडी नाही ना वाजत?" लव्हॉन लालबुंद नाकाचा शेंडा रुमालाने पुसत म्हणायची, "वाईट नाही." डेल्बर्ट भोळा माणूस. वाईट नाही याचा अर्थ तो वाईट नाही असाच घ्यायचा.

यंदा मात्र ऑक्टोबर संपत आला आणि लव्हॉनने पलंगावर बॅग उघडून ठेवली. उबदार ॲरिझोनातल्या बहिणीने, आर्लिसने, तिला हिवाळा सरून ईस्टर येईपर्यंत राहायला बोलावलं होतं.

"ईस्टरपर्यंत?" डेल्बर्ट म्हणाला. "झालं तरी काय?"

"काही नाही रे. जरा बदल."

त्याने मिल्वॉकीला मुलीला फोन लावला. ग्रेचेन फोनवरच कडाडली, "बाबा, आईला थंडी वाजते! सगळ्या जगाला कळतं, तुम्हालाच कसं कळत नाही?"

"वाजत असती तर ती बोलली असती ना!"

"आई? आणि बोलली असती?"

डेल्बर्टने फोन ठेवला आणि बराच वेळ त्या बॅगेकडे बघत बसला. लव्हॉनशिवायचा हिवाळा त्याने कधी काढला नव्हता, आणि त्या विचारानेच त्याला रडू यायला लागलं. शेवटी तो उठला, दुकानात गेला आणि नवा थर्मोस्टॅट घेऊन आला. काचेचा, बोट लावलं की उजळणारा. ऑक्टोबरात भट्टी! त्याच्या मते एवढ्यावर राजेरजवाडे गादी सोडतात. रविवारी दुपारी शेजारचे हार्लन आणि आर्डिस पत्ते खेळायला येणार होते आणि सोमवारी लव्हॉनचं विमान होतं. रविवारी घर असं उबवायचं की बॅग आपोआप कपाटात गेली पाहिजे, असा त्याचा बेत होता.

शनिवारी त्याने भट्टीची वीज बंद केली आणि जुनी चकती उचकटली. मागे चार तारा निघाल्या. माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ठसठशीत लिहिलं होतं की तारा सोडवण्याआधी त्यांचा फोटो काढा. "तारा काय पळून जाणार आहेत?" म्हणत त्याने चारही सोडवल्या. तारा पळाल्या नाहीत, पण कोणती कुठे होती ते मात्र त्याच्या डोक्यातून पळालं.

नव्या यंत्रात प्रत्येक तारेच्या खाचेपाशी एक इंग्रजी अक्षर होतं. आर म्हणजे रेड, जी म्हणजे ग्रीन; लाल आणि हिरव्या तारेची अक्षरं सरळ जुळली. पुढे डब्ल्यू आलं आणि तिथे डेल्बर्टची हुशारी आडवी आली. डब्ल्यू म्हणजे वॉर्म, म्हणजे ऊब, हे त्याने ताडलं. आता उबेची तार कुठली? पिवळी, उन्हाची! पांढरी तर बर्फाची, हे विस्कॉन्सिनमधलं शेंबडं पोरही सांगेल. वायचा अर्थ मात्र त्याला काही केल्या सुचेना, म्हणून उरलेली पांढरी तिथे खोचली. आता ती पांढरी तार खाली भट्टीला जात होती आणि पिवळी एसीला, पण ते बघायला तळघरात कोण उतरतो?

वीज सुरू केली. काच उजळली, तिच्यावर नारिंगी ज्योत आली. त्याने आकडा बाहत्तरवर नेला, फॅरनहाइटच्या हिशेबात सुखाचा. बाहेर अंगणात काहीतरी घरघरलं.

"बघ कसली ताकद आहे!" तो लव्हॉनला म्हणाला.

जमिनीतल्या हवेच्या जाळीतून गार झुळूक आली. "आधी पाइपातली शिळी हवा बाहेर टाकतं ते," त्याने खुलासा केला.

शिळी हवा रविवारीही संपेना. घर गार झालं की यंत्र आणखी ऊब मागायचं, ऊब मागितली की एसी आणखी गार करायचा. लव्हॉन कोट घालून झोपली. सकाळी डेल्बर्टने विचारलं तर म्हणाली, "वाईट नाही." त्याला धन्य वाटलं.

दुपारी हार्लन आला, कोटाची एक बाही काढली आणि मुकाट्याने पुन्हा चढवली.

"अंगणातला पंखा छान फिरतोय हं तुझा," तो म्हणाला.

"नवीनच बसवलंय सगळं!" डेल्बर्ट फुलून गेला.

"हवा कशी मोकळी आहे," हातमोजे न काढताच पत्ते धरत आर्डिस म्हणाली. हातमोज्यांतून पत्ते निसटत होते. हॉटडिश म्हणून मांडलेल्या भाजलेल्या पदार्थावरच्या थिजलेल्या चीजला सुरी लागेना. हार्लनचे दात इतके वाजत होते की तो पत्ते मागतोय की नको म्हणतोय तेच कुणाला कळेना.

पाहुण्यांसाठी डेल्बर्टने उठून आकडा ऐंशीवर नेला. जाळीतून असा झोत आला की टेबलावरचा चौकटचा राजा उडून थेट कोशिंबिरीत पडला.

लव्हॉनने हातातली पानं खाली ठेवली.

"मला थंडी वाजते," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघत राहिले, जणू तिने चर्चमध्ये शिवी हासडली होती.

"डेल, मला थंडी वाजते. आत्ता वाजते, काल वाजत होती आणि लग्नाच्या रात्रीही वाजत होती."

"मलाही!" हार्लन फुटलाच. "माझी पायाची बोटं मघाशीच वारली! अरे गाढवा, तुझा एसी चालू आहे!"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की! पंखा छान फिरतोय म्हणालो ना? याहून स्पष्ट काय बोलू?"

डेल्बर्टचं एसीकडे लक्षच नव्हतं. त्याच्या मनाला ती लग्नाची रात्र लागली होती. इतकी वर्षं ही बाई कुडकुडत होती आणि आपण कॉफी पिताना मिशीला पीळ देत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली. वीज बंद करून त्याने दोन तारांची अदलाबदल केली आणि खटका दाबला. तळघरात भट्टी भकभकली. जाळीतून ऊब यायला लागली तसे हार्लन आणि आर्डिस तिच्यावर उभे राहिले आणि तिथून हलेनात.

"किती ठेवू?" डेल्बर्टने लव्हॉनला विचारलं.

ती त्या काचेसमोर येऊन नुसतीच उभी राहिली. "माहीत नाही रे मला. कधी कुणी विचारलंच नव्हतं."

"मग... उद्या जाणार का?"

"आधी बघू तर दे, मला किती ऊब लागते ते."

तिने अडुसष्टपासून सुरुवात केली. बाहत्तरला डेल्बर्टने एक स्वेटर काढला, पंचाहत्तरला दुसरा. अठ्ठ्याहत्तरला हार्लन खिडकी उघडायला निघाला तर आर्डिसने त्याला बाहीला धरून खाली बसवलं. डेल्बर्टच्या बनियनमधून घाम गळत होता, आणि तो बायकोच्या बोटाकडे बघत होता.

"अजून एक?" त्याने विचारलं.

"अजून एक," लव्हॉन म्हणाली आणि तिने कोटाचं वरचं बटण काढलं.