बंद पेटीचा कौल

माझ्या ताईच्या यजमानांनी आयुष्यात एकाही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला नाही. त्यात मी आलो, माझी ताई आली आणि अरबी समुद्रही आला. समुद्राचं एक वेळ समजू शकतो, कारण भाऊजी बरीच वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. पण रत्नागिरीला कायमचे परतल्यावर त्यांनी तोच न्याय जमिनीलाही लावला. दुधात पाणी आहे का, हे सगळेच बघतात. भाऊजी त्या पाण्यात काय आहे तेही बघत. नवं घड्याळ आणलं की आधी मागून उघडायचं, आतली चाकं न्याहाळायची आणि मग किती वाजले ते बघायचं. एसटीच्या कंडक्टरने "पुढे जागा आहे" म्हटलं की ते मागे जाऊन उभे राहत, कारण "ह्याला मी पुढे कशाला हवाय?" ताईला बघायला आले तेव्हा त्यांनी आमच्या वडिलांना सरळ विचारलं होतं, "मुलगी इतकी गुणी आहे म्हणता, मग मला का देताय?" वडील तो प्रश्न शेवटपर्यंत विसरले नाहीत. ताईला मात्र तो आवडला. ती म्हणते, इतक्या प्रामाणिकपणे तिला नाकारायचा प्रयत्न दुसऱ्या कुणी केला नव्हता.

माझं आणि त्यांचं जमलं ते ह्या संशयापायीच. मी तेव्हा कॉलेजात होतो, पत्रकं वाचून मोठा झालो होतो आणि पत्रकं लिहून आणखी मोठा व्हायच्या बेतात होतो. भांडवलदार, पुढारी आणि देवळं यांच्याकडे संशयाने बघायला मी छापील कागदावरून शिकलो. भाऊजींना ते उपजतच येत होतं. फरक एवढाच, की ते माझ्या पत्रकांकडेही तसंच बघत. एकदा कामगारांच्या पिळवणुकीवरचं माझं पत्रक त्यांनी खिडकीपाशी उजेडात धरलं आणि म्हणाले, "क्रांतिवीर, मजकूर पटला. कागद कुणाचा?" चौकशी केली तेव्हा कागद आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखानदाराच्या देणगीचा निघाला. मी आठवडाभर त्यांच्या घराकडे फिरकलो नाही.

जहाज सोडताना भाऊजींनी परदेशातून एक घरगुती संगणक आणला होता. जाडजूड वहीएवढा. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, पाच मिनिटं किरकिर ऐकायची आणि मग पडद्यावर काहीतरी उमटायचं. अर्थात तोही आधी उघडून पाहिला गेलाच. मग त्यांनी त्यावर खेळ लिहायला घेतले आणि मासिकात जाहिरात देऊन त्यांच्या कॅसेटी टपालाने पाठवू लागले. ही झाली कंपनी. कंपनीत दोन माणसं: खेळ लिहिणारे भाऊजी आणि पाकिटांवर पत्ते लिहिणारी ताई. गिऱ्हाईक म्हणजे बोटीवर किंवा आखातात माणूस असलेली, म्हणून घरात संगणक असलेली मोजकी घरं.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला खेळ होता 'खाडी'. भरतीच्या वेळी होडी भाट्याच्या खाडीत आणायची. तोंडाशी वाळू साचलेली, आणि तिची जागा दर खेपेला बदललेली. किल्ल्यावरचा दिवा वाट दाखवणार. पण भाऊजींचाच दिवा तो, मधूनमधून खोटं बोलायचा.

"दिवा कधी खोटं बोलतो का हो?" मी विचारलं.

"बोलत नाही. पण पोरांनी एकदा तरी विचारायला हवं ना, की हा दिवा लावलाय कुणी?"

प्रत्येक कॅसेटबरोबर ताईच्या अक्षरातली एक चिठ्ठी जायची: 'खेळ थांबवून कळ दाबलीत की सगळा प्रोग्रॅम पडद्यावर दिसेल. शंका आली तर बदला. काय बदललंत ते कळवा.' आणि पोरं खरोखरच कळवत. खेडच्या एका मुलीचं कार्ड आलं होतं, तिचे वडील बोटीवर होते. तिने लिहिलं होतं, 'मी तीन ओळी बदलल्या. आता माझ्या खेळात दिवा खरं बोलतो.' भाऊजी दिवसभर "भाबडी आहे, भाबडी आहे" म्हणत घरात फिरले. संध्याकाळी त्यांनी त्या तीन ओळी आपल्या खेळात घातल्या आणि दोनदा होडी आत आणली. तेव्हापासून ती कार्डं ते कडी लावलेल्या ट्रंकेत ठेवत, आणि ट्रंकेवर स्वतः बसत.

अशात मुंबईहून एक व्यापारी आला. गोरा, हसरा, गळ्यात सोन्याची चेन. म्हणजे दारातच तो भाऊजींच्या आणि माझ्या मनातून उतरला. त्याने टेबलावर एक काळी पेटी ठेवली. तिला कळफलक नव्हता, नुसते हातात धरून हलवायचे दोन दांडे. टीव्हीला जोडायची, बटण दाबायचं, खेळायचं.

"साहेब, संगणक कुणाकडे आहे? बोटीवरच्या चार घरांत. टीव्ही बघा, गल्लीगल्लीत आलाय! तुमची 'खाडी' ह्या पेटीत भरू. अख्खा महाराष्ट्र होडी हाकेल."

"आणि कळ दाबून प्रोग्रॅम बघायचा तो कसा?"

"बघायचा कशाला? खेळायचं!"

घरात उभी फूट पडली. ताई म्हणाली, "अहो, रात्रंदिवस डोळे फोडून खेळ लिहिता, तो चार लेकरांनी खेळायचा? जाऊ दे की घरोघर." मी म्हणालो, बंद पेटी म्हणजे बंद डोकं, आज खेळ बंद करतील, उद्या पुस्तकं. मी 'पेटीमागचा डाव' नावाचं पत्रकही लिहून काढलं. भाऊजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांकडेही संशयाने पाहिलं. "तुला मला मोठं करायचंय आणि ह्याला मला हुतात्मा करायचंय. तिसऱ्या कुणाला तरी विचारू." तिसरा म्हणजे ग्रामदेवता.

देवळात कौल लावायचा म्हणजे ओल्या पाषाणावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक फुलाची कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी भडकलो. "भाऊजी, तुम्ही? देवावर विश्वास?"

"विश्वास कोण म्हणतो? पण देवाला कमिशन नाही, एवढं तरी खरं."

सकाळी आम्ही देवळात गेलो; ताई, मी, भाऊजी आणि 'बिझनेसमध्ये हे नवीनच' म्हणत आलेला व्यापारी. गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकराचा खेळ टीव्हीच्या पेटीत घालावा की न घालावा, जो काय तुझा हुकूम असेल तो दाखव, होय महाराजा!" उजवी कळी टपकन पडली. ताईने हात जोडले. व्यापाऱ्याने माझ्याशी हात मिळवला. भाऊजी मात्र पुढे वाकून पाषाण निरखत होते.

"उजवीकडे पाणी कमी लावलंत."

गुरव लाल झाला. "देवाची परीक्षा घेतंस काय रे मेल्या?"

"देवाची नाही हो, पाण्याची."

त्यांनी खिशातून शाईचा ड्रॉपर काढला आणि दोन्ही बाजूंना मोजून तीन-तीन थेंब सोडले. पुन्हा गाऱ्हाणं झालं. ह्या खेपेला एकही कळी हलेना. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं, व्यापाऱ्याची गाडी चुकली, तरी कळ्या जिथल्या तिथे. शेवटी गुरव कपाळाला हात लावून म्हणाला, "भाऊ, देवालाच आता तुझा संशय आलाय. तुझा तू बघ नि आमाला जेवायला जाऊ दे."

घरी आल्यावर भाऊजींनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. व्यापारी "अहो, गॅरंटी जाईल!" म्हणून ओरडेपर्यंत पेटीचं झाकण वेगळं झालं होतं. आत हिरव्या पट्टीवर मधोमध डांबरासारखा एक काळा, कडक गोळा होता. भाऊजींनी त्यावर नखाने टकटक केलं.

"खेळ ह्याच्या खाली?"

"हो."

"उघडत नाही?"

"उघडला तर मेला, साहेब. म्हणूनच तर कुणी चोरत नाही."

भाऊजींनी पेटी खिडकीपाशी नेऊन तो गोळा उजेडात धरला. मग त्यांनी एकेक स्क्रू जागेवर बसवला, पेटी फडक्याने पुसली आणि व्यापाऱ्याच्या हातात दिली. "मला स्वतःला जे उघडून बघता येत नाही, ते मी दुसऱ्याच्या पोराला देत नाही." व्यापारी गेला. ताई उरलेल्या पाकिटांवर पत्ते लिहायला आत गेली. मी तर इतका खूश झालो की ते वाक्य मी पत्रकाच्या डोक्यावर छापलं, आणि कागद कुणाचा ते ह्या खेपेला आधी विचारून घेतलं.

पेट्या भाऊजींवाचून आल्याच. दोन वर्षांत बाजारपेठेत दुकानांच्या दर्शनी भागात त्या मांडलेल्या असत. आत डोंगर, माकडं, आगगाड्या असले कुठल्या कुठले खेळ. बोटीवरची माणसंसुद्धा आता परत येताना संगणकाऐवजी पेटी आणू लागली. कार्डं महिन्याला दोन झाली, मग एक, मग येईनाशी झाली. ताई रिकाम्या पाकिटांवर पत्त्यांऐवजी वाणसामानाच्या याद्या लिहू लागली. तिने त्यांना एकदाही "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं नाही, आणि त्यामुळे भाऊजी आणखीच अस्वस्थ असत.

एका संध्याकाळी आम्ही दोघे भाट्याच्या पुलावर उभे होतो. भरती चढत होती आणि होड्या एकामागून एक आत येत होत्या. भाऊजी कठड्यावर कोपर टेकून म्हणाले, "आपली 'खाडी' त्या डांबराखाली असती, तरी पोरांनी होडी आत आणलीच असती ना रे?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. ज्ञान खुलं असलं पाहिजे, पेटी बंद करणाऱ्याच्या हाती पोरांचं डोकं देता कामा नये, तुम्ही केलंत तेच बरोबर. सगळं मी एका दमात सांगितलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "एवढं भराभर बोललास," ते हळूच म्हणाले, "म्हणजे माझं चुकलं असं तुलाही वाटतंय."

मी आत येणाऱ्या होड्या मोजू लागलो. आयुष्यभर त्यांनी घेतलेल्या सगळ्या संशयांपैकी तेवढा एक तरी खोटा निघावा, असं मला फार वाटत होतं.