दारफळणीचं पांढरं

"हात वर कर," मुनीम म्हणला. "काखेत बसतंय का पाहू दे."

म्हाताऱ्या जमादारानं हात वर केले. जालन्याचा भर बाजार. शेठच्या दुकानाच्या ओट्यावर तो उभा, खाली लोक. त्याचा फाटका सदरा आधीच काढायला लावला होता. फासळ्या दिसल्या सगळ्यांना. नव्या सदऱ्याच्या छातीवर निळा शिक्का. शेठच्या कापसाच्या जिनिंगचं नाव.

"बराबर बसला," शेठ म्हणले. "आता लोकांकडं तोंड कर, बाबा."

बाबा वळला. खालून कोणी ओरडलं, "जमादार, सलाम ठोका की!"

लोक हसले. मी त्याच्या मागं रांगेत होतो.

आम्ही ज्यू. बेने इस्राएल. जालन्यात थोडी घरं. बाप-आजे कोकणातून निजामाच्या चाकरीला आल्ते. निजामाचं राज्य गेलं, चाकऱ्या गेल्या. निजामाच्या फौजेतला जमादार घरी बसला. मी ह्याच शेठच्या जिनिंगात हमाली करून राह्यलो होतो.

फुकट कपडे वाटायला शेठनं मुद्दाम शनवार धरला. वाईट मनानं न्हाई. त्याला वाटलं, ह्यांची सुट्टी, सगळे मोकळे असतील. शनवारी आम्ही बाजारातून काडीबी उचलत न्हाई, हे त्याला कोणी सांगितलं न्हाई. आम्हीबी न्हाई. दारफळणीचा सण जवळ आल्ता. त्या दिवशी दारं लावून उपास करायचा, देवाची माफी मागायची. पांढरा कपडा लागतो. नसला तर माणूस प्रार्थनेला येत न्हाई, घरात दडून बसतो. म्हणून शनवार मोडून आल्तो.

"चल रे, शनवारवाल्या," मुनीम म्हणला.

मी चढलो. माझा सदरा मुनिमानं काढून ढिगात फेकला. नवा चढवला. हात वर केले.

"बायको कुठं हाय? बोलव. लुगडं खांद्यावर टाकून पाहू दे लोकांना."

ती खाली कोपऱ्यात उभी होती. हलली न्हाई. माझ्याकडं पाहिलं फक्त.

राग आला म्हणावं तर न्हाई. काहीच आलं न्हाई. हात आपोआप गुंड्या सोडायला लागले. सदरा घडी करून शेठपुढं ठेवला.

"अरे, घे की. फुकट हाय," शेठ म्हणले.

"ती वर येणार न्हाई, शेठ. अन् मी खाली उतरलो."

तसाच उघडा घरी गेलो. सोमवारी जिनिंगच्या दारात सांगितलं, तुला काम न्हाई.

त्या शनवारीच घरी ती म्हणली, "उघडे आले ते बेस केलं. पण जमादारबाबाचं काय? छातीवर शिक्का घेऊन देवापुढं उभा राहील का तो?"

"न्हाई राहायचा."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. रेल्वेतल्या फिटरकडंबी गेली. त्याची चाकरी टिकली होती, प्रार्थना त्याच्याच घरी व्हायची. सगळ्यांना एकच सांगितलं. घरातलं जुनं पांढरं द्या. चादर, धोतर, उशीची खोळ. जमादाराचा शिक्क्याचा सदराबी आणला. सगळ्याच्या शिवणी उसवल्या अन् सोडा घालून एकाच हंड्यात उकळलं. मंग कोणाचं कोणतं, कळायला मार्ग न्हाई. शिक्का गेला न्हाई. तो तुकडा कापून तिनं चुलीत घातला. माप द्यायला कोणाला बोलावलं न्हाई. अंगावरचं पाहूनच कापलं. सगळ्यांना एकच बेत, सगळ्यांना जोड.

फिटरची बायको कुरकुरली. "आमच्याकडं कोरे हायेत की, भाभी. हे ठिगळाचं कशाला?"

"तुम्हीबी हेच घालायचं. न्हाई तर मी शिवत न्हाई."

घातलं तिनं. तोंड वाकडं करून घातलं.

सणाला जमादार आला. फिटरच्या शेजारी उभा राह्यला. दोघांच्या पाठीवर सारखेच जोड. कोण देणारा, कोण घेणारा, कोणालाच सांगता आलं नसतं. बाबा रडला न्हाई. मीबी न्हाई. संध्याकाळपर्यंत उभे होतो.

घरं होती तोवर दरसाल तिनं असंच शिवलं. मंग कोणी मुंबईला गेलं, कोणी इस्राएलला. आता ती गेली. ह्याच उन्हाळ्यात. मला अजून दोन माणसांचा चहा होतो. एक कप तसाच राहतो, मी ओतून देतो.

परवा मुंबईचे पुतणे आल्ते. कर्ती माणसं, मायेची हायेत.

"काका, काकीच्या नावानं गरीब कुटुंबांना कपडे वाटू. हॉल घेऊ. एकेकाला स्टेजवर बोलावू. फोटो येईल पेपरात."

"बिलकुल न्हाई."

"काका, लोकांना गरज आहे हो."

"म्हणूनच न्हाई. गरज असली की माणूस चढतो वर. शनवार मोडून चढतो."

त्यांना कळलं न्हाई. तोंडं उतरली. उतरू देत.

द्यायचं तर घरातलं द्या, अन् त्यातलंच तुम्हीबी घाला. जमत नसंल तर तिचं नाव घेऊ नका. मी जिता हाय तोवर तिच्या नावानं एकबी माणूस स्टेजवर चढणार न्हाई. चढवला, तर मी येईन. भर सभेत त्याच्या हाताला धरून खाली आणीन. पाहुणे बसले असले तरी आणीन.