चोकच्या बटणावरचे हार

साठच्या दशकात तुर्भे गावातून कारखान्यात जायला मी जुनी मोटार घेतली. ती पाण्यासारखं पेट्रोल प्यायची. मला चैन पडेना. पंपवाल्यावर संशय घेतला, टाकीखाली पुठ्ठा पसरून गळती शोधली, मेकॅनिकशी भांडलो.

एके दिवशी मेकॅनिकच माझ्या जागेवर बसला. गार इंजिन जास्त पेट्रोल देऊन सुरू करायला चोकचं बटण बाहेर ओढायचं आणि इंजिन तापलं की आत ढकलायचं. मी रोज ढकलायचो; ते बोटभर बाहेरच राहतं हे बघायला थांबलो नव्हतो. त्याने बटणाच्या मानेत अडकलेले हारांचे जुने दोरे कापले, तेव्हा ते पूर्ण आत गेलं.

दर मंगळवारी आई गाडीला झेंडूचा हार घालायची. आरशावरचा हार मी चिडून तोडला होता, समोरचं दिसत नाही म्हणून. तेव्हापासून ती तो या बटणाला अडकवायची आणि सुकला की मी घाईत ओढून फेकायचो. घरी येऊन तिच्यावर ओरडलो.

"तुलाच इचारलं व्हतं, मग कुठं लावू," ती म्हणाली. "तू म्हनलास, लाव कुठंबी, मला टाइम नाय."

हे ऐकतानाही मी दारातच उभा होतो, गाडीची किल्ली हातात फिरवत.